लेकराला जीव लावायचा भाव

मंडळी, ऐका! साधा सवाल टाकतो. दुधाला भाव आहे, सोन्याला भाव आहे — पण दुसऱ्याचं लेकरू जीव लावून सांभाळायचं, त्याचा भाव काय? सांगा! काका, तुम्ही हसू नका — तुमची पोरं काकूंनी फुकटात वाढवली, तुम्हाला कसा ठाऊक असणार!

तर कोल्हापुरात एक हेमांगी होती. बँकेत नोकरीला. पोरगी झाली, रेवा. बाळंतपणाची रजा संपत आली आणि घरात बघायला कुणी नाही! शोधता शोधता मिळाली द्वारकाबाई. रडणारी रेवा तिनं खांद्यावर घेतली, पाठ थोपटली — पोरगी गाढ झोपली! हेमांगीचा जीव भांड्यात पडला.

"पगार किती घेणार?"

"नऊ हजार द्या, वहिनी."

झालं! जीव भांड्यातून बाहेर! शेजारणीला विचारलं, तर ती म्हणते, "अगं, इथं सगळे सहाच देतात. दर चढवू नकोस, आमच्या बायका बिघडतील!" बघा हं — बाईचा पगार वाढला की ती बिघडते! आणि आपला वाढला की? प्रगती!

हेमांगीनं तेच द्वारकाबाईला ऐकवलं. "बघते," म्हणून ती गेली, ती पुन्हा फिरकलीच नाही. सोमवारी तर कामावर हजर व्हायचं! शेवटी रेवाला कडेवर घेऊन हेमांगीच तिच्या घरी गेली — आणि दारातच थबकली.

आत द्वारकाबाईचं स्वतःचं रांगतं पोर! समोर शेजारची गंगूआक्का, हात नाचवत —

"दिसभर पोर बघायचं, भरवायचं, अन् हजार रुपयं? न्हाई जमायचं!"

आणि द्वारकाबाई म्हणते कशी? "आक्का, गल्लीत समदी येवढंच देत्यात. दर चढवू नगा!"

मंडळी, तेच शब्द! हेमांगीला खुदकन हसू आलं. द्वारकाबाई वळली, ओशाळली. पण हेमांगीचं हसू लगेच विरलं. या बाईला तान्हं पोर आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. विचारलं होतं कुठं?

ती उंबऱ्यावरच बसली. "आक्का, किती मिळाले तर परवडेल?"

"अडीच हजार."

"आणि द्वारकाबाई, आक्कांचे देऊन तुमच्या हातात किती उरायला हवेत?"

ती बिचकत म्हणाली, "भाडं, किराणा... साडेसात तरी, वहिनी."

करा बेरीज! दहा! मागितले त्याहून जास्त! हेमांगीनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, नवी गाडी यंदा राहू दे." पलीकडून आवाज आला, "बरं. जुनी चालतेय अजून."

"दहा ठरले," हेमांगी म्हणाली.

द्वारकाबाईनं डोळ्यांना पदर लावला. पण लगेच — "वहिनी, संध्याकाळी येळेवर या हं. माजंबी लेकरू वाट बगंल."

सोमवारी हेमांगी निघाली. रेवा रडली नाही. रडली हेमांगी — जिन्यात, कुणाला न दिसता.

मंडळी, सोन्याच्या भावावर सोनाराशी आपण घासाघीस करत नाही. काळजाचा तुकडा जिच्या हाती देतो, तिच्याशी मात्र करतो! शेजारी काय देतात, हा झाला बाजार. समोरच्याचं घर कशात चालतं, हे विचारणं — तो धर्म! उद्या सकाळी तुमच्या दारात जी माउली चप्पल काढेल, तिला एवढंच विचारा —

"बाई, तुझं लेकरू आत्ता कुणाजवळ आहे?"

बोला, माउलीचा जयजयकार!