न फोडलेल्या दगडांची बाजू

मंचावरचे अध्यक्ष महोदय, संचालक महोदय, दुरून आलेले सन्माननीय पाहुणे, संस्थेतले आजी-माजी सहकारी, जिच्या सेवानिवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो ती माझी धाकटी, आणि पहिल्या रांगेत नव्या कोटात घामेघूम झालेले तिचे यजमान, सर्वांना माझा नमस्कार.

मंगळवार, बारा मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी आपल्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये समुद्रतळावरून आणलेला एक काळा, काचेसारखा दगड करवतीखाली गेला. त्याचे चार तुकडे झाले, त्यांना पॉलिश झालं, आणि मघाशी ते पाहुण्यांना आठवण म्हणून देण्यात आले. पाहुण्यांनो, तुमचा काही दोष नाही. ठेवा ते टेबलावर, कागद उडणार नाहीत.

धाकटी मला खाली बसायच्या खुणा करते आहे. करू दे. एकत्र काम केलं त्या सगळ्या वर्षांत "ताई, जरा हळू" हेच ती मला सांगत आली आणि मी कधी ऐकलं नाही.

ती आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "शिट्टी ऐकू येते का?" ती बावरून म्हणाली, "कसली, मॅडम?" आमच्या निर्वात नळ्यांच्या जोडांतून हवा आत शिरली की सगळं काम मातीमोल व्हायचं. मी दिवसभर त्या गळत्या शोधत हिंडायची, म्हणून विद्यार्थी मला गळतीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, एवढी अक्कल त्यांना होती. महिनाभरात या पोरीचा कान माझ्यापेक्षा तिखट झाला आणि मॅडमची ताई झाली.

आम्ही काय करत होतो? संस्थेत उमेदीची वर्षं घालवूनही काहींना ते कळलं नाही, म्हणून सांगते. समुद्राचा तळ हळूहळू पृथ्वीच्या पोटात सरकतो आणि जाताना पाणी, कार्बन, थोडी हवासुद्धा बरोबर नेतो. यातलं बरंचसं ज्वालामुखीतून लवकर परत येतं. लवकर म्हणजे वीस-तीस लाख वर्षांत. आपल्या लेखा विभागापेक्षा थोडं उशिरा. उरलेलं मात्र फार खोल जातं, तिथे अब्जावधी वर्षं मुरतं, आणि मग कधीतरी लाव्ह्याबरोबर वर येतं. त्याच लाव्ह्यात असाही वायू असतो, जो पृथ्वीच्या जन्मापासून आतच होता, ज्याने आकाश कधी पाहिलंच नाही. समुद्राच्या तळाशी लाव्हा क्षणात गोठतो आणि हे दोन्ही वायू काचेतल्या बुडबुड्यांत कोंडले जातात. त्यातला माहेरचा कोणता आणि वरून नांदायला गेलेला कोणता, हे ओळखणं हे आमचं काम.

हे दगड आणायला गेलो त्या जहाजावरची सकाळ मला अजून आठवते. जाळीतून दगड डेकवर ओतले आणि ते तडतड फुटू लागले, लाह्यांसारखे. खालचा दाब सुटला होता ना! कप्तान मागे सरला, "बाई, हे काय भुताटकीचं?" धाकटी तोवर गुडघ्यांवर बसून न फुटलेले दगड ओंजळीत गोळा करत होती. समुद्र लागून तिचा चेहरा हिरवा पडला होता. म्हणाली, "ताई, हे बघ, हे अजून धरून आहेत!" मला वाटतं, मी तिला बहीण मानलं ते तिथेच.

परतल्यावर आम्ही एक रीत पाडली. एकाच जागचे दोन दगड निवडायचे. एक निर्वात भांड्यात चिरडायचा आणि त्याचा वायू मोजायचा. दुसरा, त्याचा जुळा, न फोडता कपाटात ठेवायचा. का? तर आमचं यंत्र तेव्हा ठोकळ होतं. त्या वायूंतला हेलियम मोजता यायचा, झेनॉन मात्र इतका थोडा की हाती लागेना. आणि वरून किती आत गेलं ते झेनॉनच सांगणार! धाकटी म्हणायची, "चांगलं यंत्र येईल तेव्हा उघडू." मी निवृत्त झाले, यंत्र आलं नाही. तिचे केस पिकले, यंत्र आलं नाही. तिचे यजमान मला म्हणायचे, "मेहुणीबाई, तुमच्या बहिणीनं माझी वाट कधी इतकी पाहिली नाही."

गेल्या हिवाळ्यात यंत्र आलं. पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे. आणि त्या कपाटातल्या दगडांच्या जुळ्यांची तपासणी कधीच झाली आहे, म्हणजे हे शिल्लक, असं ठरवून कोणीतरी कपाट रिकामं करायला घेतलं.

मी संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, एवढं काय त्यात? वजन करून बघा, काही कमी झालेलं नाही."

महोदय, तुम्ही शिकलेले आहात. जो वायू पृथ्वीच्या जन्मापासून टिकला, जो ज्वालामुखीत टिकला, समुद्रात टिकला, तो करवतीने बुडबुडे चिरले तसा आपल्या वर्कशॉपच्या पंख्यातून सायकल स्टँडकडे गेला. पाणी खाली जाऊन परत येईल, कार्बन येईल. हेलियम एकदा सुटला की आकाशापलीकडेच जातो. त्याला परतीचं तिकीट नाही. मी रागावले होते; धाकटी रागावली नाही. ती करवतीखालचा चुरा हातावर घेऊन नुसती उभी राहिली. त्यापेक्षा तिने माझ्यासारखं भांडायला हवं होतं.

कपाटात अजून नऊ दगड आहेत. वर्धापनदिनाच्या पाहुण्यांसाठी तेही कापायचे आहेत, असं वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मला सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. आयोजकांची, चहा देणाऱ्यांची, शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचीही आभारी आहे. सूर चढला असेल, मर्यादा सुटली असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्या.

आमच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, तोंडी तक्रार म्हणजे रडगाणं. म्हणून माझं पत्र इथे, संचालकांसमोर ठेवते. उरलेले नऊ दगड कापले जाणार नाहीत, आणि नव्या यंत्रावर पहिला दगड धाकटी उघडेल, निवृत्त झाली असली तरी, तिच्याच हातांनी. या दोन्ही गोष्टींचं उत्तर मला सहीनिशी हवं आहे, लेखी, येत्या शुक्रवारी, बावीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत.