दोन्ही हात

मुलुंडच्या हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या ‘मोबाईल बंद ठेवा’ या पाटीखाली वनमालाबाई बसल्या होत्या. शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं कानावर पडत होतं.

“ताई, भावजींनी रिक्षा चालवताना फोन घेतलाच कशाला?”

“शिमगा ना गं. पोरीची दहावी, म्हणून गावी गेलो नाही. तिकडे पालखी दारात आली तसा दिरांनी व्हिडिओ कॉल लावला.”

“मग नुसतं बघायचं!”

“नुसतंच बघत होते. मागून मीच म्हटलं, अहो, देव दारात आलाय, हात तरी जोडा.”

“एक हात उचलायचा, ताई.”

“एका हाताने नमस्कार होतो का? दोन्ही जोडले. समोरच डंपर होता.”

पाटीखालीच ताईचा फोन वाजला. दिरांचा होता. तिने तो कानाला लावला.

“काय म्हणतात?”

“पालखी अजून अंगणातच आहे. गुरव विचारतोय, यांच्या नावानं देवाला काय गाऱ्हाणं घालू?”