बकऱ्याइच्या कोठ्यातल्या कोंबड्या

माहं माहेर रिसोडच्या अंगचं. बाप एका बैलजोडीचा कास्तकार आन माय कोंबड्यावाली, गावात तिले कोनी नावानं हाकच मारे नाई, कोंबड्यावाली म्हनलं का सारे ओळखत. घरात माणसं सहा आन कोंबड्या पंचवीस-तीस, काळ्या, तांबड्या, उघड्या मानेच्या, जात काई इचारू नका, साऱ्या सरमिसळ. मी चालाले शिकली तेच पिल्लाइच्या मांगं मांगं, असं माय सांगे. लगन झालं तवा मी बारा-तेराची असीन, लढाई लागाच्या पुष्कळ आधीची गोष्ट हाय, आन सासरी निंगाच्या टायमाले मायनं छकड्यात माह्या मांडीवर टोपलं ठेवलं, टोपल्यात एक तांबडी कोंबडी. म्हने, तिथी करमलं नाई तर हिच्यासंग बोलत जाजो.

आता काय सांगू तुमाले, सासर जऊळक्याच्या ठेसनापासून कोसभर, आन सासरे निंगाले माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा नाई, लसूण नाई. मी माप ओलांडून आत पाय ठेवते न ठेवते तोच टोपल्यात कोंबडी ओरडली. सासरे सासूले म्हने, हे काय व्हय? कोंबडी माह्या घरात येनार नाई. मी तं रडाच्याच घाईवर आली. मंग सासू म्हने, बरं बाप्पा, घर तुमचं. बकऱ्याइचा कोठा माहा हाय ना? कोंबडी तिथी राहीन. आन टोपलं उचलून कोठ्यात घेऊन गेली. अशी होती माही सासू, बोलनं कमी आन काम पक्कं.

सासूच्या तीन बकऱ्या होत्या. तिघीही दुधाच्या, त्यातली भुरी तं दोन्ही टाइम तांब्याभर दूध देये. माही कोंबडी त्याइच्यात अशी रुळली का बकरी रवंथ करत बसली का हे तिच्या पाठीवर चढे आन कानामांगचे गोचिडं टिपून खाये, बकरी डोळे मिटून गुपचूप बसे, जसं कोनी डोक्यातल्या उवा पाहून राह्यलं. सासू हे पाहे आन हासे. मले म्हने, तुह्या मायनं नोकरीन पाठोली माह्या बकऱ्याइले.

सासऱ्याइची गोष्ट येगळी. ते माह्यासंग कवाच बोलत नसत, तसा रिवाजच होता, सून आन सासरा समोरासमोर बोलेच नाईत. कोठ्याजोळून जाचं असलं का धोतर सावरून जात.

त्याच साली जऊळक्याच्या ठेसनावर नवा मास्तर आला, मद्रासकडचा. त्याच्या बायकोचं लेकरू लय बारीक, मायले दूध नाई आन गाईचं दूध त्याले पचे नाई. कोनी सांगतलं का बकरीचं द्या, मंग आमच्या घरचं दूध तिथी जाऊ लागलं. सकाळी मी आन सासू दोघी जावो. ते बाई आमची बोली समजे नाई, आमी तिची समजो नाई, पण लेकराचे गाल भरत चालले हे तिघीइलेही दिसे, त्याले बोली कायले लागते? तिच्या अंगनात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या होत्या, उंच, लाल तुऱ्याच्या, आगगाडीतून आनल्या होत्या म्हनत. मी पाहतच राहो. एक दिवस तिनं माह्याकडं पायलं, आत गेली आन माह्या पदरात सहा अंडे टाकले. पांढरे, मोठाले. कोसभर मी कशी चालली ते मलेच मालूम, खडा दिसला तरी थांबो.

तांबडी तवा खुडूकच होती. तिच्याखाली बसोले. सहातले चार निंगाले, त्यातला एक कोंबडा. मंग काय इचारता! दोन-तीन सालात कोठा भरला. पांढऱ्या अंडे लय देत पण बसाचं नाव घेत नसत, आमची गावरान तांबडी बसे पण अंडे कमी, आन दोघाइची मिळून जे कबरी पिलावळ झाली ते अंडेही देये आन पिल्लंही सांभाळे. बाया दुरून येत, म्हनत, त्या कबऱ्याचे अंडे दे वो बसवाले.

मंग एका उन्हाळ्यात मर आली. सकाळी पाहतो तं पांढऱ्याइच्या माना वाकड्या, हिरवं हगून राह्यल्या, पान्याकडं जात आन तिथीच पडत. पाच दिवसात पांढऱ्या साऱ्या गेल्या, मंग कबऱ्या, मंग माही तांबडी. तिले मांडीवर घेऊन मी कोठ्याच्या दारात बसली, उठवेच ना. सासू तापानं फनफनून घरात पडेल.

तवा सासरे आले. हातात कुदळ. कोठ्यामांगं गड्डा खंदला, मेलेल्या कोंबड्या आपल्या हातानं उचलून एक एक त्यात ठेवल्या, वरून चुना टाकला. माह्या मांडीवरची तांबडी मातर त्याइनं मांगतली नाई, उभे राह्यले. मीच देल्ली. मंग कोठा झाडाले आत गेले आन बाहेर आले तं हातात एक कबरी, गव्हाणीखाली सापडली, जित्ती. सासरे खाली बसले, भुरीच्या दुधात बोट बुडोलं आन तिच्या चोचीले लावलं. पुन्हा बुडोलं, पुन्हा लावलं. मले राहवलं नाई, रिवाज इसरली, म्हनलं, मामाजी, तुमाले आंघोळ कराव लागन.

ते म्हने, करीन बाई. नदी काई पळून नाई चालली.

चार साल झाले होते लगनाले, आन हे त्याइचं माह्यासंग पयलं बोलनं. दुधानं वाचली का तिचं आयुष्यच होतं, मले नाई मालूम, पण कबरी वाचली. ठेसनवाल्या मास्तरची बदली होऊन गेली होती, पांढरा कोंबडा आता कुठून मिळन? मर पुरी हटल्यावर सासऱ्याइनं सोता छकडा जुंपला. सासूले म्हने, सुनेले माहेरी घेऊन जातो. इहीनबाईले म्हनतो, एक चांगला कोंबडा पाहून द्या. सासू आजारातून उठेल, तरी पोट धरून हासली. मायनं उघड्या मानेचा देल्ला, आन कोठा पुन्हा भरला. माळ त्याइच्या गळ्यात मरेलोक राह्यली, अंडं कवा तोंडात घातलं नाई, पण सांजच्याले कोंबड्या कोठ्यात आल्या का नाई ते मोजल्याबिगर जेवाले बसत नसत.

आता सासू नाई, सासरे नाई, माहे मालकही गेले. एक बकरी हाय, पाच-सहा कोंबड्या हायेत, तेही नातसून पाहते. मले डोळ्यानं दिसत नाई. कालच ते पोरगी आली, एक अंडं माह्या कानाले लावलं, म्हने, आजी आयका. आतून चोच मारून राह्यलं होतं, टुक टुक. म्या म्हनलं, ठेव वो बाई त्याले मायखाली, घाई करू नोको, निंगन आपल्या टायमानं. तुमीही बसा बाप्पा घडीभर, च्या होऊन राह्यला, बकरीच्या दुधाचा हाय. देव तुमचं भलं करो.