सहदेवबुवांचा गेलेला आवाज

—नाही शिकलो, मृणालिनीबाई, त्यात लाज कसली? सा कुठे असतो तेही मला ठाऊक नाही, आणि तरी मालाडच्या माझ्या स्टुडिओतली भजनाची कॅसेट आज कांजूरपासून कणकवलीपर्यंत वाजते. तुमच्या क्लासची पाटी बघितली मी खाली, संगीत विशारद वगैरे — झकास आहे — पण पाटीवर कॅसेट खपते का? नाही खपत. प्रोड्युसरला कान लागतो, बस्स.

आता हीच घ्या, सहदेवबुवाची. गिरणीतला माणूस, संपात नोकरी गेली, राहिलं काय? भजन. गातो तुफान — पण थांबेल तर शपथ! कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, आणि ह्याचा गजर आपला चाललाय, चार मिनिटं वर! कापू म्हटलं तर म्हणतो, देवाच्या नावाला कात्री लावायची नाही. मग मी डोकं वापरलं. टेप जरा जोरात पळवली, मशीनला बटण असतं तसं — अख्खं भजन बरोब्बर बसलं, अक्षर गेलं नाही. वर बुवाचा आवाजही कसा कोवळा झाला, पंचविशीतल्या पोरासारखा! हे कुठल्या पुस्तकात शिकवतात, सांगा ना?

दोन पट्ट्या वर गेला? असेल. तुम्ही पेटीवर वाजवून दाखवलंत म्हणून मानतो. पण घेणाऱ्यांपैकी कोणी तक्रार केली? एकानं नाही. वांधा झाला तो बुवाचाच. डबल बारीला बसला — दोन बुवा समोरासमोर, माहितेय ना — तर पब्लिक ओरडतंय, कॅसेटमधल्यासारखं गा! पेटीवाल्यानं कॅसेट ऐकून तीच पट्टी धरली, बुवा चढला, आणि आवाज फाटला. भर मांडवात लोक हसले हो. घरी जाऊन त्यानं आपलीच कॅसेट लावली, ऐकली, आणि मला म्हणतो, ‘भाऊराव, माझो आवाज गेलो.’ एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. आता भजनच सोडतोय, पेटीसुद्धा भाच्याला देऊन टाकली. आणि इथे माझी त्याची दुसरी कॅसेट अडकलीय!

म्हणून तर मुलुंडपर्यंत आलो. तुम्ही शिकलेल्या, तुमचा शब्द तो मानेल. एवढंच सांगा त्याला — वयानं आवाज उतरतो, बुवा, घाबरू नका, खाली गा. खरं? खरं कसं सांगणार, बाई? मशीन पळवलं म्हणून? उद्या सगळे बुवा विचारतील, ह्याला पट्टी तरी कळते का! वाट लागेल माझी. त्यापेक्षा होऊ दे की तो थोडा म्हातारा. पंचेचाळिशी आलीच आहे तशी, आज ना उद्या आवाज जाणारच होता—

पेटी का मिटलीत? रागावलात? बरं, राहू दे, द्या माझी कॅसेट. अहो, ती पर्समध्ये कशाला टाकताय? आणि चपला का घालताय, आता मुली येतील ना क्लासला? ...सुट्टी? अशी अचानक?

कोणाचा पत्ता? ...बुवाचा?

बाई, थांबा. बाई—