टोरलाइफची दाढी

बर्गनच्या रुग्णालयात कॉफीच्या रांगेत एक म्हातारा बायकोवर तणतणत होता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, कॅन्सरवरच्या किरणांची आखणी करणाऱ्या राग्नहिल्डने कान टवकारले.

“किरणांच्या पहिल्या दिवशी नीटनेटकं जावं म्हणून दाढी काढली, तर घरी पाठवतात. चेहरा माझा की त्यांचा?”

“डोकं जागच्या जागी धरणाऱ्या त्या मुखवट्याचं माप दाढीसकट घेतलं होतं, टोरलाइफ. आता तो सैल झालाय. डोकं हललं तर किरणं भलतीकडे जातील. म्हणून सगळी आखणी पुन्हा करणार.”

“मग नुसता मुखवटा बदला. आखणी पुन्हा कशाला?”

“ती त्याच मापावर बेतलेली. किरणांनी तुझ्या तोंडातली लाळ सुकू नये म्हणून कुणीतरी दिवसचे दिवस डोळे फोडून ती केली. तू वस्तऱ्याने सगळी पुसून टाकलीस.”

“त्या कुणीतरीने माझा चेहरा तरी पाहिलाय का?”

“आतून पाहिलाय. बाहेरून पाहिला असता तर एवढे कष्ट घेतले नसते.”

राग्नहिल्डने गळ्यातलं ओळखपत्र हळूच उलटं केलं.