झाकण उघडलं की मेसेज

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर गोळ्यांची मोठी डबी. परगावाहून थेट तिथे पोचलेली त्यांची लेक आल्याआल्या सुरू झाली.

"आई, डॉक्टरांना छातीठोक सांगते बघ. महिन्याभरात दादाची एक गोळी चुकली नाही. या डबीचं झाकण उघडलं की मला तिकडे मोबाइलवर मेसेज. रोज नऊच्या ठोक्याला!"

"नऊलाच पुसते मी तिला."

"कोणाला?"

"डबीला. धूळ बसते गं."

"झाकण उघडून?"

"मग काय, वरवर पुसू?"

"आणि आतल्या गोळ्या?"

"काढते, पुसते, परत ज्या त्या दिवसाच्या घरात ठेवते. एक हरवली असेल तर शपथ!"

"अगं, संपायला हव्या होत्या त्या! मागे गोळ्या सुटल्या तेव्हा आठ दिवस सापडत नव्हता तो. विसरलीस?"

"मी विसरेन? गल्लोगल्ली मी हिंडले. तू फोनवर होतीस."

"मग रोज विचारायचंस तरी त्याला!"

"तूच म्हणालीस ना, त्याच्या मागे लागू नकोस, डबी बघेल सगळं."

"बरं, तो काय म्हणतो?"

"म्हणतो, तिला मेसेज जातोय, ती खूश आहे, कशाला मोडता घालायचा?"

"धन्य आहात दोघं! आहे कुठे तो? बाहेर थांबलाय?"

"घरी आहे. म्हणाला, सगळं डबीच कळवते ना, मग तिलाच दाखवून आणा."

"आणि तू निघालीस?"

"पुढचा पेशंट!" आतून हाक आली.

दोघी उठल्या आणि डबी घेऊन आत गेल्या.