अम्मीचा चांगला फोटो

अन् वरून मलाच इचारतेत, 'कावून फसवायलास बे लोकांला?' आता मी रईस, पाटोद्यात गाड्यांचे पंक्चर काढनारा मानूस, मी कुनाला फसवनार? ट्यूबला एक भोक असलं तर दोन हायेत म्हनायची हिंमत न्हाई माजी! तुमाला सांगतो, गरीब असनं सोपं हाय… गरीब दिसनं लई अवघड!

झालं काय, माजी अम्मी, रहेमतबी, तिच्या काळजातली झडप खराब झाली. डॉक्टर म्हनले, 'महिन्याच्या आत बदला, न्हाई तर…' अन् 'न्हाई तर'च्या पुढं बोललेच न्हाईत, चष्मा पुसत बसले! खर्च साडेतीन लाख. सरकारी योजनेचं इचारलं, तर म्हनले या दवाखान्यात ती चालत न्हाई, अन् जिथं चालती तिथं नंबर दिवाळीनंतर. काळीज थांबतंय व्हय दिवाळीपर्यंत?

मग माजी भाची मेहेक, कॉलेजात शिकती, ती म्हनली, 'मामू, मोबाईलवर एक ॲप हाय, त्यात लोकांकडून मदत मागता येती. फकस्त नानीचा एक फोटो पायजे.'

फोटो म्हनल्यावर अम्मी उठली ना! जी बाई दोन पावलं चालली की भिंत धरती, तिनं पेटी उघडली. ईदची हिरवी साडी, डोळ्यात सुरमा, शेजारच्या विमलबाईकडून मागून आनलेला हार… सोन्याचं पानी दिलेला हो, पन पिवळाधम्मक… अन् अत्तर! मी म्हनलं, 'अम्मी, फोटोत वास येत न्हाई.' तर म्हनती, 'चूप बैस! आपल्या घरात बिननटता कुनी फोटो काढलाय का आजवर? उद्या नातवंडं बघतील, भिकारीन म्हनतील का मला?' अन् बसली खुर्चीत, मान ताठ करून, दुकानापुढं. मागं कोन उभं? सुंदररावांची पांढरीशुभ्र मोठी गाडी, पंक्चरला आलती! माज्या काय ध्यानात बी आलं न्हाई, मी आपला अम्मीकडं बघत होतो. लई दिवसांनी हसली होती हो ती.

टाकला फोटो. झालं! 'आजीचा हार इका.' 'गाडी इका, दोन ऑपरेशनं होतील.' एकानं तर फोनच केला, 'गाडीचे किती घेनार?' मदत? एक रुपया न्हाई! म्हनून म्हनतो, गरीब दिसनं लई अवघड!

मग त्या ॲपवाल्यांचा फोन आला, एक गोड आवाजाची बाई, 'सर, थोडा भावनिक फोटो मिळेल का? पेशंट रडत असतील तर उत्तम.' उत्तम म्हने! मी अम्मीला सांगितलं. ती म्हनली, 'तुजा अब्बा गेला तवा चारचौघात रडले न्हाई, अन् आता मोबाईलसमोर रडू?' मेहेकनं कांदा आनला. अम्मीनं कांदा घेतला, बारीक चिरला अन् म्हनली, 'जा, डाळीला फोडनी दे.' डोळ्यात टिपूस न्हाई!

दिवस चालले… बारा राहिले, अकरा राहिले… मला जेवन जाईना. अन् गुरुवारी दुपारी अम्मी पानी प्यायला उठली, तिला दम लागला. उंबऱ्यातच बसली. केस सुटलेले, ओठ निळे, तोंड उघडं, हात हवेत काय तरी धरायला बघतोय. मी पळालो. पान्याकडं न्हाई… मोबाईलकडं! आधी फोटो काढला, मग पानी दिलं. थुंका माज्यावर, थुंका! लेक म्हनवतो मी सवताला. पन तुमीच सांगा, काय करू? अकरा दिवस हो!

तोच फोटो टाकला, अन् दोन दिवसांत साठ हजार आले. आता कुनी हार इचारत न्हाई, गाडी इचारत न्हाई. तवा कुटं आमी गरीब दिसलो!

काल मी रक्कम वाढली का बघत बसलो होतो, तर अम्मीनं मोबाईल हिसकला. 'दिवसभर काय बघतोस रे यात?' जवळ धरला, लांब धरला… जन्मात तिनं सवताला असं बघितलंच न्हाई ना! म्हनती, 'या अल्ला, कोन रे ही बिचारी? इचे तर ओठ निळे पडलेत! इला लेक-बिक हाय का न्हाई?'

मी मोबाईल घ्यायला हात पुढं केला.

तिनं पदराची गाठ सोडली, शंभराची नोट काढली. 'इला पाठव. माजं होईल मागंपुढं.' म्हनलं, 'अम्मी, राहू दे.' 'पाठव म्हनले ना! मेल्या, मानूस हायेस का कोन?'

पाठवले. तिच्यासमोरच, ती बघत बसली होती ना! तर मोबाईल इचारतो, देनाऱ्याचं नाव? टाकलं, रहेमतबी. मग इचारतो, पेशंटचं अन् तुमचं नातं काय?

लिवलं बाबा… 'ओळख न्हाई.'